रिमच्या आतली माती

परवा मुरुडजवळ माझ्या जुन्या जीपचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाकं नुकतीच खोलली होती, म्हणून संशय थेट माझ्या मिस्त्रीवर गेला आणि मी त्याला फोन लावला. रिंग वाजत असताना लहानपणी पाहिलेलं देगलूरचं गॅरेज आठवलं.

तेव्हा आमच्या गाडीचं स्टिअरिंग असंच थरथरत होतं. गॅरेजात ग्रीसचा वास होता. आमचे अण्णा म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हातांवरून नजर हलवत नव्हते.

"गेल्या आठवड्यात चाकं तूच खोलला. चांगली बेअरिंग काढून जुनी घातला का न्हाई?"

मिस्त्री चाकाशी बसले. जॅक लावून त्यांनी चाक हलवून पाहिलं. ढिलं नव्हतं. मग रिमच्या आतून खरवडून वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ त्यांनी अण्णांच्या हातात दिलं.

"ह्याच्यानं चाक एका अंगाला जड झालतं. तुमच्याच रानातली हाय, मालक."

अण्णांनी माफी मागितली नाही.

मी फोन कट केला, खाली उतरलो आणि रिममध्ये हात घातला. आतल्या मातीनं बोटं काळी झाली.