आतोबांचा परवानगीचा गडगा

सरकारला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा, यांच्याइतका मनापासून भिणारा माणूस आरोंद्यापासून कुणकेश्वरपर्यंत दुसरा झाला नसेल. पोस्टमन दिसला तरी ते खांद्यावरचा पंचा काढून हातात घेत. साधं पोस्टकार्ड आलं तर आधी विचारत, "सही खंय करूची?" साठ सालच्या सुमारास पंचायतीने नियम केला, की घर, भिंत, गडगा, काहीही नवं बांधायचं तर नकाशासकट अर्ज करावा. गावाने तो ऐकला आणि सोडून दिला. आतोबांनी मात्र कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बदलायलासुद्धा अर्ज केला. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे हे सगळे अर्ज माझ्या अक्षरात जात. उत्तर येईपर्यंत आतोबांच्या घशाखाली पेज उतरत नसे. "रे, काय चुकीचा लिवलंस नाय मां?" असं दिवसातून तीनदा येऊन विचारत.

शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. सगळे तिला बाय म्हणत. खाडीमुळे तिच्या विहिरीचं पाणी खारट, म्हणून ती आतोबांच्या विहिरीवर येई. दोघांच्या आवारांमध्ये दर पावसाळ्यानंतर काट्यांचं कुंपण घातलं जाई, आणि ते घालताना बायपुरती वाट आपोआप सुटे. एका वर्षी आतोबांनी काट्यांच्या जागी चिऱ्यांचा पक्का गडगा घालायचं ठरवलं. नकाशा मी काढला. पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. ती वाट आम्हां दोघांनाही आठवली नाही. ती कागदावर दाखवायची गोष्ट आहे असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं. मंजुरीचा शिक्का बसला. गवंड्याने विचारलं, "हयसर वाट सोडूक नको?" आतोबांनी कागद पाहिला आणि पांढरेफटक पडले. "नकाशात खंय आसा ती?" झालं, गडगा सलग उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय कळशी घेऊन आली, गडग्याशी थांबली आणि रस्त्याने वळसा घालायला निघाली. भरली कळशी कमरेवर घेऊन परतताना ती दोनदा खाली बसली. आतोबा ओट्यावरून बघत होते. मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू. "तवसर ती पाणी खंयचा पितली?" असं म्हणून त्यांनी पहार उचलली आणि माणूस जाईल एवढे चिरे स्वतः पाडले. मला फार लाज वाटली. रेघ माझी होती.

त्यानंतर जी भीती बसली ती विचारू नका. सायकलची घंटा वाजली की पाडलेली जागा दिसू नये म्हणून आतोबा धावत जाऊन त्या वाटेत आडवे उभे राहत. एकदा ग्रामसेवक खरंच आला. आतोबा जागचे हलेनात. तेवढ्यात मागून बाय म्हणाली, "वायच सरक रे." आतोबांनी डोळे मिटले आणि सरकले. ग्रामसेवक हसला. "अहो, वाट सोडायला कोण अडवतंय तुम्हाला?"

"साहेब, हे लेखी मिळेल का?" आतोबांनी विचारलं.

लेखी काही मिळालं नाही. मग आतोबा शेवटपर्यंत पंचायतीच्या नोटिशीची वाट बघत राहिले. अंथरुणाला खिळले तेव्हाही मी गेलो की पहिला प्रश्न तोच. "नोटीस इली?"

"नाय."

"येतली." जरा दम खाऊन म्हणाले, "इली तरी वाट बुजवू नको. ह्या मी केलंय म्हणान सांग. माझा नाव सांग."

एवढं बोलतानाही त्यांचा हात माझ्या हातात कापत होता. मी तो धरून बसलो. दुसरं काय करणार होतो?