सासऱ्यांच्या पार्टीला स्पॅनिश चाल

तेरमध्ये माझ्या सासऱ्यांच्या गायन पार्टीनं कमावलेलं नाव मी एका स्पॅनिश गाण्यानं बुडवलं.

त्या दुष्काळात मी बेंबळीच्या दूध संस्थेत सचिव होतो. जनावरं छावणीवर गेली, दूध बंद झालं आणि मी रिकाम्या कॅनांची राखण करणारा बिनदुधाचा सचिव झालो. (पगारही पाणी घातल्यासारखाच!) विहिरीनं तळ दाखवला तशी माझी बायको सुमन माहेरी तेरला गेली. पाणी आलं की येते म्हणाली. पाणी काही येईना. दिवस मावळला की घर खायला उठायचं. भाकरी करपली तरी टोमणा मारायला कुणी नव्हतं.

उरला ट्रान्झिस्टर. शॉर्टवेव्हवर काटा फिरवता फिरवता एक परदेशी स्टेशन लागलं. निवेदक इंग्रजीत बोलायचा. मी दुसऱ्या झटक्यात मॅट्रिक, त्यामुळं निम्मं कळायचं. तिकडच्या रेडिओंवर कुठली स्पॅनिश गाणी सगळ्यात जास्त वाजली ते तो दर शनिवारी सांगायचा आणि शेवटी पहिल्या नंबरचं गाणं लावायचा. आठवड्यामागून आठवडे एकच गाणं पहिलं! शब्द एक कळत नव्हता, पण गाणाऱ्याची बायकोही माहेरी गेलेली असणार, याची मला खात्री होती. मी त्याच्यासोबत गायचो. रडायचोसुद्धा, खोटं कशाला सांगू?

सुमनला आणायला गेलो की सासरे, म्हणजे आमचे मामा, एकच विचारायचे, पाणी न्हाय तिथं लेक धाडायची व्हय? त्यांना त्या वेळी घोर वेगळाच होता. जयंतीला विहारापुढं दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला रंगायचा. गाणी स्वतः रचलेली, चाली सिनेमाच्या. मागच्या साली मामांनी तोंड उघडताच समोरच्या पार्टीनं पिक्चरचं नाव ओरडून सांगितलं होतं आणि अख्खा मांडव हसला होता. ते मामांना लई लागलं होतं.

"मामा," मी म्हणालो, "अशी चाल देतो, कुणाच्या बापाला वळखू यायची न्हाय."

चाल गाजली तर खुशीत लेक धाडतील, हा माझा डाव. मग दर रविवारी एसटीनं तेर गाठायचं. पार्टीला चाल शिकवायची, आणि सुमन चहा घेऊन आली की मुद्दाम चुकायचं, म्हणजे तालीम लांबते.

जयंतीला मामांनी सुरुवात केली. समोरची पार्टी गप्प! नुसती एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मी फुगून बसलो. दुसऱ्या कडव्यात मामांचा आवाज बारीक होत गेला, कोरस बारीक झाला, ढोलकी बारीक झाली आणि शेवटी सगळी पार्टी नुसतीच ओठ हलवायला लागली. माईकवाल्याला वाटलं, मशीन बसली. त्यानं आवाज पार वर चढवला आणि नेमकी तेव्हाच पार्टी पूर्ण ताकदीनं गरजली! कर्णा असा किंचाळला की पोरं रडायला लागली आणि जेवणासाठी पाणी घेऊन आलेल्या टाकीच्या गाडीचा बैल बिथरून टाकीसकट मांडवातच शिरला. त्या सालात तेवढं पाणी गावानं एकत्र पाहिलं नव्हतं. सगळं जमिनीवर.

असं मधीच मुकं व्हायचं कुणी सांगितलं, म्हणून पंचांनी विचारलं. मामांनी माझ्याकडं बोट केलं.

"जावयानं. चालच तशी हाय म्हणाले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शॉर्टवेव्हवर आवाज जातो आणि येतो. ते गाणं मी एकदाही सलग ऐकलेलं नव्हतं. मधलं ते बुडणं मी चालीतलंच धरलं होतं आणि पार्टीकडून चांगलं घोटूनही घेतलं होतं!

मांडवामागं तोंड लपवून उभा होतो. सुमन आली, तिला रेडिओचं सगळं सांगून टाकलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसले.

"रेडिओचा बिघाडसुद्धा पाठ व्हईस्तोवर ऐकत बसला व्हता? एकटेच?"

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सुमनची ट्रंक घेऊन स्वतः स्टँडवर आले.

"घेऊन जावा हिला. पाण्याचं बघू कायतरी. पण पुन्हा चाल शिकवाय येऊ नका."

इतके दिवस हात जोडून जमलं नव्हतं ते एका चालीत जमलं. मात्र सुमन माझ्या मायेपोटी आली, की मला तेरपासून लांब ठेवायला गावानंच तिला धाडली, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.