‘मुलांची सोय’ नावाचा रकाना

१२ जून, गुरुवार, सकाळी अकरा. ग्रामपंचायतीचा हॉल. उपस्थित : तालुक्याहून आलेले साहेब, आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब, अंगणवाडीच्या बाई, एकटीनं मुलं वाढवणाऱ्या एकोणीस आया आणि गावच्या महिला संघाची सचिव म्हणून मी. मांडीवर, काखेत आणि खुर्च्यांखाली मिळून तेवीस मुलंही होती. पण हजेरीपत्रकात त्यांना जागा नसल्यामुळे ती गैरहजर.

साहेबांनी आनंदाची बातमी दिली. या आयांना दरमहा मिळणारी मदत यापुढे घरी बसून मिळणार नाही. नागापूरच्या कारखान्यात तीन महिने पॅकिंगचं प्रशिक्षण, नऊ ते पाच, हजेरी अंगठ्यावर. महिन्यात तीन खाडे झाले की मदत बंद. घरी बसून माणसाला आळस चढतो, असं ते म्हणाले. समोरच्या बहुतेकजणी पहाटे दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढून आल्या होत्या, त्यामुळे मुद्दा त्यांच्या लगेच लक्षात आला नसावा.

कारखान्यात मूल आणायचं नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. बरोबरच आहे. तेच मूल घरी एकटं ठेवलं की सुरक्षेचा प्रश्न सुटतो आणि आईचा निष्काळजीपणा सुरू होतो. अंगणवाडी दुपारी सुटते आणि तीन वर्षांखालच्यांना बसवून घेत नाही, हे अंगणवाडीच्या बाईंनी हळूच सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, घरोघरी आजी असतेच की.

मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “सायेब, तुमची लेकरं कोन संबाळतं?”

“माझी आई,” साहेब अभिमानानं म्हणाले.

“मंग त्यांनाच धाडा की हिकडं. तेवीसच हायेत.”

हशा पिकला. भाऊसाहेबांनी तो इतिवृत्तात ‘खेळीमेळीचे वातावरण’ असा नोंदवला.

मग फॉर्म वाटले. सातवा रकाना : मुलांची सोय – आहे / नाही. इथे मी कामाला लागले. मला अनुभव आहे. ‘नाही’ लिहिलेला फॉर्म परत येतो, परत आलेला फॉर्म पडून राहतो आणि तोवर बाईची मदत थांबते. म्हणून मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, सातव्यात ‘आहे’वर खूण करा. एकोणीसही फॉर्म तपासले, त्यांची यादी करून खाली माझी सही ठोकली. कुठे खाडाखोड नाही, कुठे सही राहिलेली नाही.

एकीचा पेन तेवढा थांबला होता. तेवीस-चोवीस वर्षांची पोर. नवरा टेम्पो घेऊन गेला तो दुसरीकडेच संसाराला लागला. आई अकोले तालुक्यातल्या डोंगरात, तिथून इथवर यायला दिवस जातो. शिवाय भातलावणी तोंडावर.

“ताई,” ती म्हणाली, “माझं लेकरू दीड वर्साचं हाय. ‘आहे’ लिव्हते, पन कुठं हाय?”

“अगं, आधी फॉर्म जाऊ दे. सोय मागनं बघू.”

मोठमोठ्या समित्यांना जे धोरण ठरवायला वर्षं लागतात, ते मी एका दमात सांगून मोकळी झाले.

मागनं बघायचं म्हणून पुढच्या आठवड्यात मी पाळणाघरासाठी अर्ज केला. शाळेशेजारची खोली रिकामी आहे, दोन बाया तयार आहेत, सगळं मुद्देसूद लिहिलं. उत्तर इतक्या लवकर आलं की मी चकित झाले. आपल्या गावात एकोणीसपैकी एकोणीस मातांकडे मुलांची सोय उपलब्ध असल्याने पाळणाघराची आवश्यकता दिसून येत नाही. सोबत पुरावा म्हणून माझीच यादी, माझ्याच सहीची.

मी भाऊसाहेबांकडे गेले. चूक माझी आहे, दुरुस्तीचं पत्र देते, म्हटलं. ते म्हणाले, “द्या की ताई. पण ‘आहे’चं ‘नाही’ केलं की चौकशी लागणार आणि चौकशी संपेपर्यंत एकोणीसही जणींची मदत थांबणार. बघा बुवा.” मी बघितलं आणि पत्र पिशवीत परत ठेवलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती पोर दारात आली. दोन खाडे झाले होते. ज्या शेजारणीकडे ती लेकरू ठेवायची, तिची सासू आजारी पडली. आणखी एक खाडा झाला की मदत जाणार, आणि मदत गेली की खोलीचं भाडं कुठून देणार?

मी वही काढून पाळ्या लावल्या. सोमवार माझा. मंगळवार-बुधवार मशिदीमागच्या शिंप्याच्या घरच्या चाची. त्यांनी दिवस न विचारताच लेकरू उचलून घेतलं. गुरुवारी अंगणवाडीच्या बाई, रजिस्टरमध्ये न लिहिता आणि तेवढ्या एकाच दिवसापुरत्या. शनिवारी मावशी, ‘सायबाची आई येईस्तवर’ या अटीवर.

शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार. गावातली प्रत्येक धडधाकट बाई तिथे काही ना काही विकत असते. माझ्या बचत गटाचं भज्यांचं दुकानही तिथेच. उकळती कढई आणि बैलांची शिंगं यांच्यामध्ये दीड वर्षाचं लेकरू सोडता येत नाही. मी सात घरी विचारून आले. सातही घरी चहा मिळाला.

आज गुरुवार आहे. उद्या तिची एसटी सकाळी सातला निघते. शुक्रवारच्या चौकटीत नाव लिहायचं राहिलं आहे.