ताज्या माश्यांची मेजवानी

टीपमावशीचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पँटची उंची कमी करायची असो की कोटाचं अस्तर बदलायचं असो, लोक तिच्याकडे येत आणि ती चष्मा सावरत म्हणे, "ठेवा, उद्या न्या." तिचं रक्ताचं माणूस एकच, थोरली बहीण. ती ताई छातीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात पडून होती. नर्सनं मावशीला बजावलं होतं, "फोन जवळ ठेवा. कधीही बोलवावं लागेल."

एरवी मुका असणारा तो फोन एका सकाळी खणखणू लागला. मावशी धडपडत उठली.

"काय हो, माश्या तळलेल्या मिळतील की उकडलेल्या?" पलीकडून फिदीफिदी हसणं.

दुपारपर्यंत तिचं डोकं पिकलं. शेवटी शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं आपल्या फोनवरची ईमेल दाखवली. कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलानं, कुणी मागितली नसताना, साऱ्या शहराला धाडलेली. 'ताज्या माशांची मेजवानी' लिहायचं, तिथे 'माश्यांची' लिहिलेलं. खाली टेबल राखायला दिलेल्या नंबरात एक आकडा चुकलेला, आणि तो चुकीचा नंबर नेमका मावशीचा.

संध्याकाळी ऐकून ताई खोकला येईपर्यंत हसली. "अगं, सांगायचंस ना, आज माश्या संपल्या, डास आहेत!"

दुसऱ्या दिवशी मावशी हॉटेलात गेली. मॅनेजरनं तिच्यादेखतच जाहिरात लिहिणाऱ्याला फोनवर झापलं. "आजच दुरुस्तीची मेल जाते, मावशी. निर्धास्त राहा."

मेल गेली. माश्यांचे मासे झाले, नंबर मात्र तोच राहिला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'क्षमस्व! आता बिनधास्त फोन करा.'

आगीतून फुफाट्यात! फोन दुप्पट झाले. एकानं टेबल मिळत नाही म्हणून तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या चिडचिडीत मशीनची सुई बोटात घुसली. मावशीनं बोट तोंडात घातलं आणि फोन बंद करून कपाटातल्या कपड्यांखाली कोंबला. "एवढी बाही होऊ दे," ती स्वतःशीच पुटपुटली. बाही झाली, मग दुसरीही झाली. किती दिवसांनी असं शांतपणे काम होत होतं.

भेटीच्या वेळेला ती हॉस्पिटलात पोचली, तेव्हा ताईच्या खाटेवरची चादर काढलेली होती.

"किती फोन केले, मावशी!" नर्स म्हणाली. "बंदच लागत होता. त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. 'येईल ती, कामात असेल,' म्हणाल्या."

मावशी उघड्या गादीवर बसून राहिली. कुणीतरी पाणी आणलं, तेही तिनं हातात नुसतं धरून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर मावशीच्या दुकानात आला. झालेलं त्याच्या कानावर गेलं होतं. मान खाली घालून त्यानं एक कूपन पुढे केलं. "कधीही या जेवायला."

"नंबर बदललात?"

"पुढच्या मेलमध्ये नक्की."

मावशीनं कूपन त्याच्याच खिशात परत घातलं आणि ती मशीनकडे वळली. तेवढ्यात फोन वाजला. हल्ली पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ती उचलत असे.

"हॉस्पिटलातून का?" तिनं विचारलं. मग भानावर येऊन म्हणाली, "नाही हो. हॉटेलचा नंबर हा नव्हे."