यू दाबला असता तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांच्याबरोबर अकरा वर्षं रोज डबा उघडला त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच 'जाऊ दे हो, चालायचंच' असं म्हणू शकत नाही. तसं म्हणणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. स्वतःचाही आहे, पण ते पुढे येईलच.

प्रकरण एका ओळीचं आहे. खरंच एकाच ओळीचं — कागदावर लिहिली तर बोटभर जागा लागणार नाही. पण त्या ओळीपाशी यायला मला थोडं लांबून यावं लागेल. का? धीर होत नाही म्हणून. दुसरं कारण नाही.

आमच्या धंद्यात काळ्या खिडकीत काम करणारी एक जमात असते. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तिथे मजकूर लिहायला-खोडायला एक जुना एडिटर वापरतात, आणि त्यात प्रत्येक बटणाला काम नेमलेलं असतं. एक दाबलं की शब्द उडतो, दुसरं दाबलं की ओळ. यू दाबला की शेवटची चूक मागे घेतली जाते, उडालेलं परत येतं. कुठल्या बटणाने काय करायचं हे मात्र ज्याला त्याला बदलता येतं, आणि ते एका सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं असतं. तिचं नाव टिंबाने सुरू होतं. टिंबाने सुरू होणाऱ्या फायली साध्या यादीत दिसत नाहीत. ही फाईल मनासारखी करण्यात माणसं वर्षानुवर्षं घालवतात — हत्यार घासत बसायचं, काम दुसऱ्याने करायचं. मी त्यातलाच.

माझी फाईल चारशे ओळींची होती. लोक पोरांचे मार्क सांगतात तशा मी ओळी सांगायचो. नाशिकमधल्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याच्या खात्यात मी ती फाईल टाकायचो, आणि अशा थाटात टाकायचो की जणू प्रसाद वाटतोय. घेणारेही धन्य. एकानेही ती कधी उघडून वाचली नाही. "सर, कलर मस्त आहेत," म्हणायचे. कलर! बटणन् बटण विचार करून बसवलेलं, आणि यांना दिसले कलर. मी त्या सगळ्यांना ठोंबे समजत होतो. अजूनही समजतो. ही सुधारणा माझ्यात झालेली नाही.

मग मनीषा आली. मनीषा भोर, घोटीची. वडील तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला. रोज एसटीने यायची-जायची. आमचं ऑफिस बाजारभावाचे आणि लिलावांचे संदेश शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवायचं, आणि त्या संदेशांचा मजकूर सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये लिहायचा हे तिचं काम. ते नीट जमलं तर सहा महिन्यांनी सर्व्हरच्या कामावर घेऊ, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. तिला तेच हवं होतं. ती ते लपवायचीही नाही.

तिच्याही खात्यात मी माझी फाईल टाकली. आणि ती बाई काय करते? दोनशे पानी वही काढते आणि पहिल्या ओळीपासून उतरवायला बसते! प्रत्येक ओळीसमोर अर्थ. कळला नाही तिथे प्रश्नचिन्ह. आठवड्याभरात ती वही घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली तेव्हा मी पाच-सहा जणांना माझं एक आवडतं बटण दाखवत होतो — म्हणजे दाखवत नव्हतो, नुसतं वर्णन करत होतो.

"सर, ही ओळ चालतच नाय ना?" ती म्हणाली. "खाली तुम्ही परत तेच बटण घेतलंय. मंग खालचीच ओळ लागू होती, वरची वायाच जाती."

मी बटण दाबून पाहिलं. तिचं बरोबर होतं. चार वर्षं मी ज्या ओळीचं कौतुक सांगत होतो ती चार वर्षं बंद होती, आणि मला पत्ता नव्हता. सगळे हसले. फार नाही, साधंच हसले. तीही हसली. तिला वाटलं, सर खूश होतील.

इथे मी खूप कारणं देऊ शकतो. तिचं ते 'नाय' आणि 'मंग' माझ्या कानाला खुपलं, असं सांगता येईल. तेही खरंच आहे. पण एवढ्याशा गोष्टीचा राग कुणाला येतो? मला आला. ज्या एकाच माणसाने माझी फाईल वाचली त्याचाच आला. वाचणारं कुणी मिळत नाही म्हणून मी जगाला शिव्या घालत होतो, आणि वाचणारी मिळाल्यावर मला ती समोर नको होती. याला काय म्हणायचं? मी क्षुद्रपणा म्हणतो. तुम्हाला याहून वाईट शब्द सुचत असेल तर तो वापरा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी तिच्या खात्यातली फाईल उघडली. सगळ्यांच्या खात्याच्या किल्ल्या माझ्याकडेच असायच्या. अगदी तळाशी मी एक ओळ लिहिली — तळाशी, कारण खालची ओळ लागू होते हे तिनेच नुकतं सांगितलं होतं. ओळ एवढीच होती, की यू दाबला तर चूक मागे घ्यायची नाही. फाईल सेव्ह करायची.

समजलं ना तुम्हाला? तिच्या हातून चूक झाली आणि ती सुधारायला तिने यू दाबला, तर चूक सुधारणार नव्हती. पक्की होणार होती.

मला वाटलं होतं, दोन दिवस धडपडेल, रडकुंडीला येईल, मग मी ऐटीत जाऊन सोडवीन. पण तिच्या हातून चुकाच होत नव्हत्या. चौथ्या दिवशी ती एकदा आली. "सर, यू दाबला की परत काही येत नाय, खाली सेव्ह झालं असं दिसतंय," म्हणाली. तेव्हा ओळ काढून टाकायला मला दहा सेकंद लागले असते. मी म्हणालो, "वही बघ जरा. दुसरंच काहीतरी दाबत असशील." तिने मान डोलावली आणि खरंच वही बघायला गेली. मी मागाहून ती ओळ विसरलो, असं लिहिलं तर किती सोयीचं होईल! विसरलो नव्हतो. रोज तिच्याकडे बघून मला ती ओळ आठवायची, आणि सांगायला लाज वाटते, पण बरं वाटायचं.

मग विंचूरचा संदेश आला. उद्या विंचूरला कांद्याचे लिलाव होणार नाहीत, असा तो संदेश होता. मनीषाने मजकूर टाकला, कुठेतरी बोट चुकलं, आणि 'नाहीत' हा शब्द उडाला. तिने यू दाबला. शब्द आला नाही, म्हणून परत दाबला. आणखी एकदा दाबला. मजकूर बदलून फाईल सेव्ह झाली की संदेश आपोआप सुटायचे — ही सोयही माझीच, तिचाही मला गर्व होता. उद्या विंचूरला कांद्याचे लिलाव होणार. एवढाच संदेश गेला. तिने घाईघाईने 'नाहीत' परत लिहून सेव्ह केलं, तेव्हा दुसरा गेला. ज्यांनी दोन्ही वाचले ते गोंधळले. ज्यांनी पहिलाच वाचला ते सकाळी कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन बंद बाजाराच्या दारात उभे राहिले.

फोन मनीषाच घेत होती. सगळ्यांनी नाही नाही ते ऐकवलं. एकाचंच बोलणं मला आठवतं, कारण तो चिडलेला नव्हता. "ताई, एक काय ते सांगा ना," तो म्हणत होता. "व्हनार का नाय?" ती त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती की होणार नाहीत, दादा, माझी चूक झाली.

साहेबांनी अकरा वाजता बोलावलं. त्याआधी मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलं असेल. पावणेअकराला तिच्या फाईलच्या तळाची ओळ मी काढून टाकली. शिंक यावी इतक्या सहज काढली.

मीटिंगमध्ये ती एकच गोष्ट सांगत राहिली. "मी यू दाबला व्हता, साहेब. तीनदा दाबला. शब्द परत आला नाय." साहेबांना यू म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यांना फक्त ट्रॅक्टर दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला मला तोंड होतं. खरं एक वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "यू दाबला असता तर आलं असतं."

आणि एवढ्यावर थांबलो नाही. तिथल्याच कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडलं, कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "दाखव." तिने एक शब्द उडवला. यू दाबला. शब्द परत आला. "आलं की," साहेब म्हणाले. तिने पुन्हा उडवला, पुन्हा दाबला, पुन्हा आला. मग तिने पडद्याकडे बघायचं सोडलं आणि स्वतःच्या बोटाकडे बघायला लागली. कुणी तिच्या फाईलला हात लावला होता का, हेही साहेबांनी मलाच विचारलं. मी नाही म्हणालो.

सर्व्हरचं काम राहिलंच. तिला फक्त फोनवर बसवलं. दिवाळीआधी तिने नोकरी सोडली. आणि आमच्या ऑफिसातल्या विनोदी मंडळींनी — ज्यांना स्वतःची फाईल कुठे असते हेही माहीत नाही अशा मंडळींनी — एक शब्द काढला. चुकीचं काही सेव्ह झालं की म्हणायचं, "मनीषा झाली." जिने तिला पाहिलंही नाही ती नवी मुलगी परवा म्हणाली, "सर, माझी मनीषा झाली." मीही तो शब्द वापरतो. न वापरला तर कुणाला संशय येईल, अशी भीती सुरुवातीला होती. आता सवयीने वापरतो.

एवढं झाल्यावर माणसाने काय करावं? मी पगारवाढ घेतली, सर्व्हरचा प्रमुख झालो, आणि फाईल साडेपाचशे ओळींवर नेली.

गेल्या महिन्यात बहिणीकडे एक खोकं पाठवायचं होतं म्हणून नाशिकमधल्याच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. रांग हलत नव्हती. काउंटरवरची बाई प्रत्येक पावती आधी वहीत पेन्सिलीने लिहीत होती, बोट ठेवून तपासत होती, आणि मग कॉम्प्युटरवर टाकत होती. एक अक्षर टाकलं की पडद्याकडे बघायचं, मग पुढचं. माझ्या मनात आलं, कुठून कुठून धरून आणतात अशी माणसं. हे मी तिला ओळखायच्या आधीचं सांगतोय. तिच्या शेजारी बसलेला माणूस वैतागला. "मॅडम, डायरेक्ट टाका की. चुकलं तर खोडता येतं." ती म्हणाली, "नाय, माझा हात चुकतो. लिहूनच घेते."

आवाजाने मी ओळखलं. माझा नंबर आला तेव्हा तिनेही ओळखलं. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल — आणि खरं सांगतो, एक क्षण मला ते हवं होतं. ती हसली. शेजारच्या माणसाला म्हणाली, "हे आमचे सर. एवढ्या मोठ्या मानसाने बसून शिकवलं मला, पन मीच लय वेंधळी. शेतकऱ्यांचे लय हाल केले मी तेव्हा." मग माझ्याकडे वळली. "सर, तुमचं पन नाव खराब झालं असेल माझ्यामुळं."

माझ्या मागे रांग होती. खोकं काउंटरवर होतं. तिची पेन्सिल वहीवर थांबली होती, माझं नाव लिहून झालं होतं.

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी. मनावर घेऊ नकोस."

"थँक्यू सर," ती म्हणाली, आणि माझी पावती तपासायला लागली.