सात वर्षांचं हुमाण

पिंपरी पेंढारच्या ठकूबाईला सरळ गोष्ट सरळ दिसतच नसे. कोणाची म्हैस आटली, की ती आधी रेडकाचं तोंड उघडून बघायची आणि सांगायची, "कासरा लांब हाय, ह्येच पितंय सगळं." घरोघरच्या भानगडी ती हुमाण सोडवावं तशा सोडवी. हुमाण म्हणजे कोडं. तिकडच्या लग्नात नवरीचं रुखवत झाकून मांडतात आणि बायका वरपक्षाला हुमाण घालतात. उत्तर आल्याशिवाय किंवा वरपक्षानं हार मानल्याशिवाय झाकण निघत नाही. हा मान पंचक्रोशीत ठकूबाईचा.

ती स्वतः मात्र बिनलग्नाची राहिली. सन पन्नासात, एकोणिसाव्या वर्षी, येडगावच्या कुंडलिकाशी तिची सुपारी फुटली होती. बघायला आला तेव्हा पाण्याचा तांब्या घेताना त्यानं दोनदा नजर वर केली. ठकूनं त्याचं उत्तर त्याच दिवशी काढलं होतं: आपण आवडलो. पुढं कित्येक महिने ती त्या उत्तरावर खूश होती.

पुढच्या साली महाशिवरात्रीला ती बायकांबरोबर भीमाशंकरला चालत निघाली. येडगावची माणसंही त्याच वाटेनं जात. कडक उपास, डोक्यावर ऊन. पायाला काटा लागला म्हणून मागं राहिली आणि ओढ्याजवळ भोवळ येऊन पडली. शुद्धीवर आली ती कसल्या तरी उग्र वासानं. नाकाशी निरगुडीचा चुरगळलेला पाला होता आणि जवळ चिटपाखरू नव्हतं. ती उठली, बायकांना गाठलं, कोणाला काही बोलली नाही.

पंधरा दिवसांत येडगावहून निरोप आला: पोरीला फेफरं येतं, वाटेत पडली, वहाण हुंगवली तेव्हा उठली, सोयरीक मोडली. पुढं जी स्थळं आली, तीही हे ऐकून परत गेली. कुंडलिकानं त्याच उन्हाळ्यात साळूबाईशी लग्न केलं. तिच्या बापाच्या विहिरीला बारमाही पाणी होतं.

ठकू रडली नाही. ती विचार करत बसली. आपण पडलो हे एकाच माणसानं पाहिलं. ज्यानं उठवलं, त्यानंच बोभाटा केला आणि पाल्याच्या जागी वहाण घातली. म्हणजे पाल्याची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. तो दुसरा कोण? तिचा संशय शेजारच्या बयाबाईवर होता, कारण बयाबाईची पोर लग्नाची होती. तिनं बयाबाईकडून विस्तवसुद्धा आणायचं सोडलं. कुंडलिकाचा मात्र तिला रागच नव्हता. तोही बिचारा आपल्यासारखाच फसला, असं तिला वाटे.

मग प्रत्येक लग्नात शेवटचं हुमाण ती एकच घालू लागली: "गुरं तोंड लावत न्हाईत, वढ्याकाठी ऱ्हाती. पडलेलीला उठवती, अन् उठवणारा पळून जातो." कोणी वहाण म्हणे, कोणी काठी, कोणी कांदा. उत्तर येत नसे, वरपक्ष हार मानी, तरी ती सांगत नसे. बायका हसत, "ठकूच्या हुमाणाला उत्तरच न्हाई." ती ऐकून घेई आणि पुढच्या लग्नाची वाट बघे. सात वर्षं तिनं हा फास लावून ठेवला.

अठ्ठावन्न साली कुंडलिकाच्या धाकट्या भावाचं, संपतचं लग्न पिंपरी पेंढारात ठरलं. इतकी वर्षं कुंडलिक त्या गावाच्या वाटेला गेला नव्हता. आता थोरला भाऊ म्हणून यावंच लागलं. रुखवतापुढं वरपक्ष हरत चालला होता. ठकूनं शेवटचं हुमाण घातलं. पाहुण्यांनी वहाण, काठी, सगळं म्हणून पाहिलं. पोरी टाळ्या पिटू लागल्या. कुंडलिकाला भावाची लाज राखायची होती. ती जुनी गोष्ट त्याच्या लेखी कधीच विझली होती. तो मिशीवर ताव देत म्हणाला, "निरगुडी."

ठकू रुखवताजवळ सरकली. तिनं झाकण काढलं. लाडवांवर तिनं या खेपेला ठेवलेली निरगुडीची डहाळी होती.

"बराबर हाय, पावणं," ती म्हणाली. "ह्ये उत्तर मला ठावं, अन् शिवरातीला वढ्याकाठी ज्यानं मला पाला हुंगवला, त्याला ठावं. मंग घरी जाऊन फेफरं कुणी सांगितलं?"

कुंडलिक म्हणाला, "अंदाजानं बोललो." पण त्याचा चेहरा साळूबाई बघत होती, आणि त्याची म्हातारी आईही. म्हातारीच्या तोंडून निघून गेलं, "आरं, लोकं सांगत्यात म्हनला व्हतास तू."

दोनदा उचललेल्या नजरेचं उत्तर ठकूला आत्ता मिळालं: ती पसंती नव्हतीच. ती आतून तुटली आणि त्याहून जास्त पेटली. ती रुखवतापुढं मांडी घालून बसली. मांडवात पंगत खोळंबली होती. "ठकूला फेफरं न्हाई, आसं मोठ्यानं म्हना. तीनदा. तवर रुखवत उचलायचं न्हाई." दोन्हीकडच्या जाणत्यांपैकी कोणी तिला ऊठ म्हणालं नाही. शेवटी कुंडलिकानं तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी साळूबाई मांडवातून उठून गेली.

बयाबाईची माफी ठकूनं मागितली नाही. तेवढं मोठं मन तिच्याजवळ नव्हतं. पण पुढच्या महाशिवरात्रीला ती येडगावला चालत गेली आणि भर दुपारी, सगळ्या आळीसमोर, कुंडलिकाच्या दाराला निरगुडीची डहाळी खोचून आली. साळूबाईनं ती काढली नाही, त्यालाही काढू दिली नाही.

"आता पुरं कर, ठकू," ती घरी आल्यावर तिचा भाऊ म्हणाला. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"सात वर्सं म्या काढली," ठकू पाय धूत म्हणाली. "त्याचं आत्ता एक झालं."