आजीबरोबर गेलेलं नाव

कुमनजाई गावच्या शाळेत शिकवते. तिच्या पदवीचा कागद मात्र भिंतीवर नाही, पत्र्याच्या पेटीत तळाशी पालथा घातलेला आहे. त्यावर तिचं जन्माचं नाव छापलंय, आणि ते नाव आता कुणी घेत नाही.

ते तिच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं नाव. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातल्या ह्या वार्लपिरी लोकांत माणूस मातीत गेलं की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. त्याच नावाचं दुसरं कुणी जितं असलं तर त्यालाही ते टाकावं लागतं. अशाला मग सगळे कुमनजाई म्हणतात. आजी गेली आणि पोर कुमनजाई झाली, तेव्हा पदवीचा समारंभ तोंडावर आला होता.

गावातनं एवढं शिकलेली ती पहिलीच. दक्षिणेला समुद्राकाठच्या शहरात चार वर्षं काढली. हजेरी घेताना तिथले मास्तर तिचं नाव असं चघळायचे, जशी कांगारूच्या शेपटीची शीर दातात अडकलीय. ती आपली हात वर करून मोकळी व्हायची. एकट्या रोझलिंडबाईंनी तिला थांबवून घेतलं.

"मला शिकव नीट."

मग तास सुटला की दोघी बसायच्या. जीभ कुठं वळवायची, कुठं टेकवायची ते ती दाखवायची. बाई चुकायच्या, दोघी पोट धरून हसायच्या.

"तुमच्या समारंभात नावं मीच पुकारणार आहे," बाई म्हणाल्या होत्या. "तुझं चुकलं तर तुझ्या आजीला म्हणावं, काठी घेऊन ये."

सुट्टीत हे ऐकून आजी बिनदाताची खदखदली होती. दोघींचं नाव एक, म्हणून आजी मुद्दाम शेकोटीपासनं लांबलचक हाक मारायची, आणि पोरीनं तोंड उघडायच्या आत स्वतःच 'ओ' द्यायची. हा खेळ कधी शिळा झाला नाही.

आजीच्या मागं बायकांनी तिचं घर सोडलं आणि गावाबाहेर दुखवट्याच्या तळावर जाऊन बसल्या. आईनं केस मुळापासनं कापले, कपाळाला पांढरी माती फासली. पोरीनं तिथूनच विद्यापीठाच्या कचेरीत फोन लावला. कुमनजाई म्हणूनच पुकारा, दुसरं नाव नको, म्हणाली. पलीकडच्या बाईनं बदल करून घेतला. रोझलिंडबाईंनाही सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण बाईंनी "का गं?" विचारलं असतं, आणि आईच्या शेजारी बसून त्याचं उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं? कचेरी सांगेल त्यांना, असं म्हणून तिनं फोन खाली ठेवला.

आई यायला तयार नव्हती.

"दुखवट्यातली बाई गर्दीत कशी जाईल?" मामा म्हणाला.

"आये, तू न्हाई आलीस तर मी बी न्हाई जायची. ते नाव कुणीसुदिक घेनार न्हाई. सांगून ठिवलंय मी."

"गोऱ्या लोकांचा काय भरवसा?" मामा.

"माझा हाय न्हवं?" पोर आईकडं बघून म्हणाली.

आई उठली आणि गुमान गाडीत जाऊन बसली.

ॲलिस स्प्रिंग्ज मागं पडलं, लाल माती संपली. शहरात पोरीनं काळा झगा चढवला तेव्हा मामानं तिला खालवर न्याहाळलं.

"येवढं शिकलीस आन् शेवटाला कावळीन झालीस व्हय गं?"

"तू आधी सदरा खोच, मामा. तुझी ढेरी माझ्या आधी स्टेजवर पोचंल."

आईला हसू फुटलं. आजी गेल्यापासनं पहिल्यांदा. लोकरी टोपी कानावर ओढून ती मामाबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसली.

कुमनजाई रांगेतनं पायऱ्यांपाशी आली. वर रोझलिंडबाईंनी हातातल्या कार्डावर 'कुमनजाई' वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चार वर्षं ह्या पोरीचं नाव कुणी धड घेतलं नव्हतं. आजच्या दिवशीही भलतंच लिहून ठेवलंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी कार्ड खाली ठेवलं, तिच्याकडं बघून मायेनं हसल्या, आणि ते नाव घेतलं.

अगदी बरोबर घेतलं. जीभ जिथं वळायची तिथं वळली.

मागनं आईचा टाहो आला. लोकांना वाटलं, आनंदानं ओरडतंय कुणीतरी. टाळ्या वाढल्या. पोर जागची हलेना. गहिवरली बिचारी, असं वाटून बाईंनी तेच नाव पुन्हा घेतलं, आणखी मोठ्यानं. तोवर आई मुठीनं कपाळ बडवत होती. कुमनजाईनं पायरीवरचा पाय मागं घेतला आणि झगा सावरत, रांगांमधनं, टाळ्यांमधनं आईकडं धावली.

गाड्या लावायच्या जागेत तिघं डांबरावरच बसली. मामा मान खाली घालून होता. पोरीनं झगा काढून मांडीवर घेतला.

"आये, मी सांगितलं हुतं गं त्यांस्नी."

आईनं टोपी काढून हातात घेतली. मग विचारलं, "त्या बाईला कुनी शिकिवलं?"

"म्या."

"बेस शिकिवलंस." आईनं टोपीनं डोळे पुसले. "माझ्या आयेवानीच हाक मारली तिनं. मी वाट बघत व्हते, आता 'ओ' बी तीच देईल म्हनून."